जुनी फंक्शन्स नेमस्पेसमध्ये हलवायला पीएचपीवाल्यांना होतं काय?

तिसरा_सेमीकोलन:

जाणकारांनी जरा प्रकाश टाका, दोन दिवस डोकं फिरलंय. (फोनवरून लिहितोय आणि कीबोर्ड मराठीवर आहे, त्यामुळे फंक्शनची नावंही देवनागरीतच टाकतोय, समजून घ्या.)

आमच्याकडे एक जुनं पीएचपी अ‍ॅप आहे, ७.४ वर चालणारं, ते ८ वर न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यात हेल्पर्स नावाची एक फाइल आहे, लिहिणारा कधीच सोडून गेला, आता तिला हात लावायला सगळेच घाबरतात. तर त्या फाइलीत स्ट्र_कंटेन्स नावाचं फंक्शन, काम एवढंच की या स्ट्रिंगमध्ये ती स्ट्रिंग आहे का बघायचं. ८ वर नेलं आणि पहिल्याच रिक्वेस्टला फेटल एरर, कॅनॉट रीडिक्लेअर. कारण ८.० मध्ये त्यांनी त्याच नावाचं फंक्शन कोअरमध्ये, म्हणजे भाषेतच, आणलंय. नेटवर शोधलं तर जो तो सांगतोय की फंक्शन_एक्झिस्ट्सचा इफ लाव (म्हणजे त्या नावाचं फंक्शन आधी नसेल तरच आपलं बनवायचं), लावला. टेस्ट हिरव्या झाल्या, डिप्लॉय केलं, निवांत झोपलो.

तीन दिवसांनी कळलं की साइटवरच्या सगळ्या कॉमेंट रिजेक्ट होतायत. सगळ्या म्हणजे अगदी "छान लिहिलंय" सुद्धा. शोधता शोधता रात्र गेली. नको असलेल्या शब्दांची यादी एका टेक्स्ट फाइलीत आहे, ओळीला एक शब्द, आणि फाइलीच्या शेवटी एक रिकामी ओळ. आमचं जुनं फंक्शन शोधायची स्ट्रिंग रिकामी असली की फॉल्स द्यायचं, कोअरचं ट्रू देतं. झालं, जगातल्या प्रत्येक कॉमेंटमध्ये तो "शब्द" सापडायला लागला.

तर माझे प्रश्न. पीएचपीत नेमस्पेस (नावांचे वेगवेगळे कप्पे, एकच नाव दोन कप्प्यांत असलं तरी भांडण नाही) २००९ पासून आहेत, मग २०२० मध्ये नवीन फंक्शन आणताना ते सरळ ग्लोबलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कप्प्यात, का ओतलं? आणि दुसरं म्हणजे, ही जुनी शेकडो फंक्शन्स एकदाच स्ट्रिंग, अ‍ॅरे, फाइल अशी नेमस्पेसमध्ये नीट लावून टाकायची आणि जुनी नावं नुसती अलायस (त्याच फंक्शनचं दुसरं नाव) म्हणून ठेवायची, असं का करत नाहीत? जुना कोड मोडणार नाही, नवा नीटनेटका. मला तरी यात तोटा दिसत नाही. बाकीच्या भाषांत काय करतात?

वाचनमात्र:

वाचतोय. धागा रंगणार.

जुनाट_खोड:

रिकाम्या ओळीचं वाचून आधी हसलो, मग आमच्याच एका प्रोजेक्टची आठवण आली आणि गप्प बसलो.

आधी तुमच्या बगबद्दल. कोअरचं ट्रू चुकीचं नाहीये हो, रिकामी स्ट्रिंग प्रत्येक स्ट्रिंगमध्ये असतेच. आणि तुमच्या फंक्शनचं फॉल्सही तुमच्या कामापुरतं बरोबरच होतं. म्हणजे नाव एक आणि वागणं दोन प्रकारचं, एवढीच गोम. तो फंक्शन_एक्झिस्ट्सचा इफ पॉलिफिलमध्ये (नवं फंक्शन जुन्या व्हर्जनला पुरवणाऱ्या कोडमध्ये) शोभतो, जिथे तुम्ही मुद्दाम कोअरसारखंच हुबेहूब वागणारं फंक्शन लिहिलेलं असतं. तुमच्या हेल्परवर तो लावणं म्हणजे या नावाचं कोणीही आलं तरी आत घ्या असं वॉचमनला सांगून ठेवणं. फेटल एरर आला तेव्हा पीएचपी तुमच्या बाजूने ओरडत होतं, तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत. हलके घ्या.

आता इतिहास. हे दुखणं जुनं आहे. २००५ च्या नोव्हेंबरात पीएचपी ५.१.० आली, त्यात डेट नावाचा क्लास कोअरमध्ये होता. तेव्हा पेअर नावाचं पॅकेजचं भांडार जोरात होतं आणि त्यातल्या डेट पॅकेजचा क्लासही डेटच. इतकी बोंब झाली की चारच दिवसांत ५.१.१ काढली आणि तो क्लास मागे घेतला. पुढे ५.२ पासून आपण डेटटाइम वापरतो. म्हणजे साधं, चांगलं नाव ज्याने आधी घेतलं त्याचंच राहिलं, आणि भाषेला स्वतःच्याच घरात लांब नाव घेऊन राहावं लागलं.

मग ५.३ मध्ये नेमस्पेस आले, २००९. तो उलटा स्लॅश बघून तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती पण त्यालाही कारण होतं, डबल कोलन वापरला असता तर समोरचं नेमस्पेसमधलं फंक्शन आहे का क्लासची स्टॅटिक मेथड हे कळायला मार्ग नव्हता. आणि त्याच वेळी एक गोष्ट ठरली जी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. नेमस्पेसमधल्या कोडने नुसतं स्ट्रलेन लिहिलं तर पीएचपी आधी त्याच नेमस्पेसमध्ये बघतं, नाही सापडलं तर ग्लोबलमध्ये जातं. क्लासना ही सवलत नाही, फंक्शन्स आणि कॉन्स्टंटना आहे. नसती तर जुना कोड नेमस्पेसमध्ये नेणाऱ्या प्रत्येकाला हजार ठिकाणी स्लॅश टाकावे लागले असते आणि कोणी नेलाच नसता.

याचा अर्थ काय झाला, की कोअरने ग्लोबलमध्ये काहीही नवीन आणलं तरी ज्याचं फंक्शन स्वतःच्या नेमस्पेसमध्ये आहे त्याचं आधी सापडतं, त्याला धक्का लागत नाही. धक्का लागतो ग्लोबलमध्ये हेल्पर ठेवणाऱ्यांना, म्हणजे तुम्हाला (आणि खरं सांगायचं तर मलाही). आता लोक हेल्पर ग्लोबलमध्ये का ठेवतात, तर पीएचपीत क्लास आपोआप लोड होतो, फंक्शन होत नाही, मग एक फाइल करा, सगळं तिच्यात कोंबा आणि सुरुवातीलाच इन्क्लूड करा. ती सवय नेमस्पेस येऊनही सुटली नाही.

आळशी_लूप:

@तिसरा_सेमीकोलन, अलायसचा तोटा दिसत नाही म्हणता? स्ट्रपॉसला आधी गवत (ज्यात शोधायचं ते) मग सुई (जे शोधायचं ते). इन_अ‍ॅरेला आधी सुई मग गवत. अ‍ॅरे_मॅपला आधी कॉलबॅक मग अ‍ॅरे, अ‍ॅरे_फिल्टरला आधी अ‍ॅरे मग कॉलबॅक. आता सांगा, नेमस्पेसमध्ये हलवताना हा गोंधळ तसाच उचलून नेणार का सरळ करणार? तसाच नेला तर नुसती पाटी बदलली. सरळ केला तर मग तो अलायस राहिलाच कुठे, तेच नाव, उलट क्रम, आणि फाइलीच्या वरती कोणती यूज ओळ (कुठल्या नेमस्पेसमधलं घ्यायचं ते सांगणारी) आहे त्यावर अर्थ ठरणार. कोड रिव्ह्यूत कोण वर स्क्रोल करून बघतंय?

माझं मत विचाराल तर तोडा. एकदाच तोडा, ओरडतील, गप्प बसतील.

मधली_सुट्टी:

@आळशी_लूप "एकदाच तोडा" म्हणणाऱ्यांनी पायथॉनची ती वर्षं काढलेली नाहीत असं माझं मत आहे. मी काढलीयत.

पायथॉन ३ आलं २००८ च्या डिसेंबरात. त्यात स्टँडर्ड लायब्ररीची नावं आवरली, यूआरएललिब२ गेलं आणि यूआरएललिब डॉट रिक्वेस्ट झालं, स्ट्रिंगआयओ उचलून आयओमध्ये ठेवलं, अशी बरीच. सगळं ऐकायला छान. पण पायथॉन २ चा सपोर्ट संपला १ जानेवारी २०२० ला. मधली ११ वर्षं आम्ही प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर ट्राय इंपोर्ट, नाहीतर जुना इंपोर्ट असल्या जोड्या लिहीत बसलो, नाहीतर सिक्स नावाची लायब्ररी घेत होतो जिचा धंदाच हा की हलवलेली मॉड्यूल दोन्हीकडे एकाच पत्त्यावर सापडावीत. आता मान्य, खरा त्रास युनिकोडचा होता, नावांचा नव्हे. पण नावं हलवणं "फुकट" असतं हा गैरसमज मात्र माझा कायमचा गेला.

अलायस ठेवून हळूहळू काढण्याचाही प्रयोग त्यांनी केलाय. मॅपिंग, इटरेबल वगैरे क्लास कलेक्शन्समध्ये होते, ते ३.३ मध्ये म्हणजे २०१२ ला कलेक्शन्स डॉट एबीसीमध्ये नेले आणि जुन्या जागी अलायस ठेवले, अगदी @तिसरा_सेमीकोलन म्हणतात तस्संच. ते अलायस काढले ३.१० मध्ये, २०२१ ला. नऊ वर्षं! नऊ वर्षं दिली, तरीही ३.१० आल्यावर धडाधड पॅकेजेस पडली. का, तर डेप्रिकेशनची (हे पुढे काढणार आहोत अशी) वॉर्निंग डिफॉल्टला बहुतेकांना दिसतच नाही, आणि जे चालतंय त्याला हात कोण लावणार. अलायस ठेवला की लोक नव्या पत्त्यावर राहायला जातात ही कल्पनाच मुळात भाबडी आहे. अलायस चालू आहे तोवर कोणीही हलत नाही, तो बंद पडला की सगळे एकाच दिवशी हलतात, आणि शिव्या घालत हलतात.

अवांतर: नाव जुळण्याचा सगळ्यात भारी किस्सा माझ्याकडे एनम३४ चा आहे. पायथॉन ३.४ मध्ये एनम मॉड्यूल आलं, ते जुन्या व्हर्जनना मिळावं म्हणून कोणीतरी एनम३४ नावाचं बॅकपोर्ट पॅकेज केलं, चांगल्या मनाने. पण ते इन्स्टॉल झाल्यावर मॉड्यूलचं नाव एनमच. पुढे ३.६ मध्ये खऱ्या एनममध्ये इंटफ्लॅग आलं आणि रेग्युलर एक्स्प्रेशनचं मॉड्यूल ते वापरायला लागलं. आता ३.६ वर कुठल्यातरी डिपेंडन्सीने एनम३४ ओढून आणलं आणि ते आधी सापडलं की साधं आरई इंपोर्ट करतानाच एरर, एनममध्ये इंटफ्लॅग नाही म्हणून. बघणारा रेजेक्समध्ये चूक शोधत बसतो, आणि चूक चार घरं सोडून भलतीकडेच.

तिसरा_सेमीकोलन:

@जुनाट_खोड, तोंड बंद केलंत हे वाक्य मनाला लागलं पण बरोबर आहे. @मधली_सुट्टी, नऊ वर्षं वाचून गार पडलो. पण तरी एक शंका राहतेच, काढायचे कशाला? अलायस कायमचे ठेवा ना. दोन नावं असली म्हणून कोणाचं पोट दुखतंय?

रिकामा_पॉइंटर:

कायमचे ठेवलेत की सी प्लस प्लसवाल्यांनी. १९९८ च्या स्टँडर्डमध्ये सगळी लायब्ररी एसटीडी नेमस्पेसमध्ये गेली आणि सीच्या हेडरांच्या (कोडच्या वरती इन्क्लूड करायच्या फाइलींच्या) दोन आवृत्त्या झाल्या, स्ट्रिंग डॉट एच आणि सीस्ट्रिंग. एकात नावं ग्लोबल, दुसऱ्यात एसटीडीमध्ये. आणि गंमत म्हणजे बहुतेक कंपायलरवर सीस्ट्रिंग घेतलं तरी ग्लोबल नावंही येतातच, स्टँडर्ड त्याला परवानगी देतं. म्हणजे ज्या कामासाठी दुसरं हेडर केलं ते काम ते करतच नाही, आणि पंचवीसएक वर्षं दोन्ही तसेच. पोट कोणाचं दुखत नाही, फक्त नवीन पोरगं आलं की विचारतं यातलं कुठलं घ्यायचं, आणि आपल्यालाही धड सांगता येत नाही.

आणि नेमस्पेस असूनही लोक काय करतात, तर वरती यूजिंग नेमस्पेस एसटीडी. भिंत बांधायची आणि मग दारच काढून टाकायचं. सी प्लस प्लस १७ मध्ये एसटीडी बाइट आला, विंडोजच्या हेडरमध्ये बाइट नावाचा टाइप आधीपासून, आणि वरती ती यूजिंगची ओळ असेल तर कंपायलर त्या हेडरच्या आत जाऊन म्हणतो बाइट अँबिग्युअस आहे, कोणता घ्यायचा कळत नाही. तुमच्या कोडमध्ये बाइट हा शब्द कुठेही नसला तरी.

नेमस्पेस असताना सुद्धा कमिटी नावं जपूनच ठेवते. अनऑर्डर्ड_मॅप एवढं लांबलचक नाव का, तर हॅश_मॅप हे सरळ नाव कंपायलरवाल्यांनी आपापल्या लायब्ररीत आधीच वापरलं होतं, प्रत्येकाचं थोडं थोडं वेगळं. म्हणजे @जुनाट_खोड यांच्या डेटटाइमचा सख्खा भाऊ.

आता तुम्हाला कुठेच सापडणार नाही असा मुद्दा सांगतो, कारण पीएचपी पायथॉनवाल्यांना हा त्रास नसतो. कंपाइल होणाऱ्या भाषेत नेमस्पेस नुसता सोर्समधला पत्ता नसतो, तो बायनरीतल्या सिंबॉलच्या (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर ज्या नावाने फंक्शन शोधतो त्या) नावात शिरतो. सोर्समध्ये अलायस ठेवलात तरी आधीच कंपाइल होऊन पडलेली डॉट एसओ फाइल (तयार लायब्ररी) जुनंच सिंबॉल शोधत येणार. जीसीसी ५ आलं २०१५ ला, त्यात एसटीडी स्ट्रिंगची आतली रचना बदलावी लागली, कारण जुनी स्ट्रिंग कॉपी ऑन राइट (बदल होईपर्यंत एकच प्रत वाटून घेणारी) होती आणि सी प्लस प्लस ११ मध्ये ते चालत नाही. आता सोर्समध्ये नाव तर बदलता येत नाही, अख्खं जग एसटीडी स्ट्रिंग लिहितंय. मग त्यांनी इनलाइन नेमस्पेस (सोर्समध्ये लिहावा न लागणारा आतला कप्पा) वापरला. लिहिताना एसटीडी स्ट्रिंगच, पण लिंकरला दिसतं ते एसटीडीच्या आत दोन अंडरस्कोर सीएक्सएक्स११ आणि त्याच्या आत बेसिक_स्ट्रिंग. जुनी लायब्ररी आणि नवा कोड जोडायला गेलात की अनडिफाइन्ड रेफरन्स म्हणून तीन ओळींचा एरर येतो आणि त्यात हे नाव लखलखत असतं. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी अर्धा दिवस लिंकरचे फ्लॅग मागेपुढे करत घालवला. वैतागलो होतो, पण नंतर पटलं. हे झालं नसतं तर लिंक झालं असतं, चाललं असतं, आणि कधीतरी मेमरीत कचरा झाला असता. तुमच्या कॉमेंटांसारखं, तीन दिवसांनी.

म्हणून माझं उत्तर, नेमस्पेसचा उपयोग आवरायला नाही, वेगळं वागणारं वेगळं दिसावं यासाठी. सी प्लस प्लस २० मध्ये एसटीडी रेंजेस आलं, त्यात सॉर्ट आहे, जुना एसटीडी सॉर्टही आहे, दोन्ही राहणार, कारण दोघांचे नियम वेगळे. त्याआधी सगळं नव्याने एसटीडी२ मध्ये मांडायचं असंही चाललं होतं, स्टँडर्डने १७ मध्ये एसटीडी आणि पुढे आकडा अशी नावं राखूनही ठेवली. राखीव आहेत, रिकामी आहेत.

कोरी_पाटी:

रच्याकने सीचं ऐका. तिथे नेमस्पेसच नाही, मग त्यांनी काय केलं, पुढे लागतील म्हणून नावांची आख्खी कुटुंबंच राखून ठेवली. एसटीआर आणि पुढे स्मॉल अक्षर, एमईएम आणि पुढे स्मॉल अक्षर, आयएस, टीओ, अशी सुरुवात असलेली बाहेर दिसणारी फंक्शनची नावं सी८९ पासून लायब्ररीसाठी राखीव. म्हणजे तुम्ही स्ट्रेंग्थ, मेमरी, टोटल, टोकन, आयलंड अशी फंक्शन्स लिहिलीत तर नियमाने तुम्ही दुसऱ्याच्या जागेत बांधकाम केलंय. कोणी पाळत नाही ही गोष्ट वेगळी.

गेटलाइनचा पण किस्सा तोच. जुन्या पुस्तकातल्या उदाहरणांत गेटलाइन नावाचं फंक्शन स्वतः लिहायला सांगतात, २००८ च्या पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या स्टँडर्डमध्ये) त्याच नावाचं फंक्शन आलं, तेव्हापासून शिकणारी मुलं पुस्तकातलं जसंच्या तसं टाइप करतात आणि कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स एरर घेऊन फोरमवर येतात.

निळी_शाई:

सगळे नेमस्पेस नेमस्पेस करताय पण मेथडचं काय? मी जावास्क्रिप्टवाली आहे, आमच्याकडे मॉड्यूल आहेत, सगळं आहे, तरी सुटका नाही. कारण भाषेची निम्मी लायब्ररी अ‍ॅरे डॉट प्रोटोटाइपवर, स्ट्रिंग डॉट प्रोटोटाइपवर टांगलेली असते (प्रोटोटाइप म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्यांच्या सामायिक मेथडची जागा). ऑब्जेक्टपुढे डॉट टाकला की तिथे नेमस्पेस कुठला आणि इंपोर्ट कुठला.

२०१८ च्या मार्चमधलं स्मूशगेट आठवतंय का कोणाला? अ‍ॅरेला फ्लॅटन नावाची मेथड येणार होती. मूटूल्स नावाची जुनी लायब्ररी, तिने अ‍ॅरे डॉट प्रोटोटाइपवर स्वतःची फ्लॅटन आधीच लावलेली. आता तुम्ही म्हणाल मग काय झालं, मूटूल्स येऊन नेटिववर आपली चढवेल आणि जुन्या साइट आपापलं चालतील. मीही तेच म्हटलं होतं. पण मोडलं ते असं, की मूटूल्स नंतर फॉर इन लूप फिरवून अ‍ॅरेवरच्या आपल्या मेथड दुसऱ्या एका प्रोटोटाइपवर कॉपी करतं. नेटिव मेथड इन्युमरेबल (अशा लूपला दिसणारी) नसते, तिच्यावर असाइन करून व्हॅल्यू बदलली तरी प्रॉपर्टी इन्युमरेबल होत नाही. म्हणून लूपला फ्लॅटन दिसतच नाही, कॉपी होत नाही, आणि भलत्याच ठिकाणी अनडिफाइन्ड इज नॉट अ फंक्शन. कोणीतरी गमतीत स्मूश नाव सुचवलं त्यावरून केवढा गदारोळ, शेवटी फ्लॅट ठेवलं. इन्क्लूड्सचं पण तेच, आधी कंटेन्स ठेवायचं होतं, तिथेही मूटूल्स आडवं.

आणि ग्रुपबाय तर शेवटी अ‍ॅरेवरून उचलून ऑब्जेक्टवर स्टॅटिक म्हणून ठेवलं, ऑब्जेक्ट डॉट ग्रुपबाय, कारण अ‍ॅरेवर जुन्या साइट मोडायला लागल्या. बघा ना, मेथडचं नाव वाचवायला ती नेमस्पेसच्या जवळ जाणाऱ्या जागी नेली. @आळशी_लूप, "तोडा" म्हणायला ठीक आहे हो, पण वेबवर ज्याची साइट मोडणार तो माणूस अपग्रेड करायला बसलेलाच नसतो. त्याने २०१० ला साइट केली आणि तो निघून गेला. ब्राउझर अपडेट होतो तो बघणाऱ्याचा.

आळशी_लूप:

@निळी_शाई ओके, ब्राउझरच्या बाबतीत मागे घेतो. सर्व्हरवर मात्र माझं म्हणणं कायम. तिथे व्हर्जन आपण निवडतो.

चक्रधर_२:

जावाचा एक किस्सा टाकून जातो, कोणी सांगितला नाही म्हणून. जावात पहिल्या दिवसापासून पॅकेज आहेत, सगळं शिस्तीत. तरी १९९८ च्या डिसेंबरात १.२ आलं, जावा डॉट यूटिलमध्ये लिस्ट आली, आणि जावा डॉट एडब्ल्यूटीमध्ये लिस्ट आधीपासून होती, स्क्रीनवरची यादी दाखवणारी. ज्यांनी फाइलीच्या वर दोन्ही पॅकेज स्टार लावून (म्हणजे आतलं सगळंच) इंपोर्ट केली होती त्यांचा कोड कंपाइल होईना, रेफरन्स टू लिस्ट इज अँबिग्युअस. उपाय एका ओळीचा, जी हवी तिचं पूर्ण नाव इंपोर्ट करा, ती स्टारवर मात करते. पण बघा, लायब्ररीने फक्त नवीन नाव टाकलं, तेही स्वतःच्या पॅकेजमध्ये, काही काढलं नाही, तरी मोडलं. स्टार इंपोर्ट म्हणजे पुढे येणाऱ्या प्रत्येक नावासाठी कोऱ्या चेकवर सही.

गोमध्ये मला पद्धत आवडली. तिथे २०१२ च्या गो १ पासून वचन आहे की जुना कोड चालत राहील, त्यामुळे मॅथ रँडमधल्या चुका दुरुस्तच करता येत नव्हत्या. २०२४ च्या फेब्रुवारीत १.२२ आलं तेव्हा त्यांनी मॅथ रँड व्ही२ असं नवीन पॅकेज शेजारी ठेवलं. जुनं हलवलं नाही, अलायस नाही, तिथेच आहे. नव्यात रीड काढून टाकलं, इंटएनच्या स्पेलिंगमधला शेवटचा एन कॅपिटल केला, म्हणजे चुकून जुनं नाव लिहिलंत तर कंपाइलच होणार नाही. @रिकामा_पॉइंटर म्हणतात तेच, वेगळं वागणारं वेगळ्या पत्त्यावर.

आणि त्याच्या आधी १.२१ मध्ये मिन, मॅक्स बिल्टइन आले. प्रत्येक गो प्रोजेक्टमध्ये कोणीतरी स्वतःचं मिन लिहिलेलं असतंच, तरी एकही मोडलं नाही. कारण बिल्टइन नावं सगळ्यात बाहेरच्या स्कोपमध्ये असतात, तुमचं पॅकेजमधलं मिन ती झाकून टाकतं. @तिसरा_सेमीकोलन यांचं स्ट्र_कंटेन्स गोमध्ये असतं तर या धाग्याची गरजच पडली नसती.

जुनाट_खोड:

@चक्रधर_२ सहमत, आणि पीएचपीही आता त्याच वाटेने जातंय, उगाच नावं ठेवायला नकोत. ८.२ मध्ये नवीन रँडम एक्स्टेन्शन आलं ते रँडम नेमस्पेसमध्ये. ८.४ मध्ये डॉमचे (एचटीएमएल वाचून हाताळण्याचे) नवे क्लास डॉम नेमस्पेसमध्ये, एचटीएमएल५ नीट वाचणारे. जुना डॉमडॉक्युमेंट त्याच्या सगळ्या विचित्रपणासकट जागच्या जागी, कारण त्या विचित्रपणावर लोकांनी घरं बांधलीयत.

जुन्या फंक्शन्सच्या अलायसबद्दल अजून एक, पीएचपीत फंक्शनचं नाव स्ट्रिंग म्हणूनही फिरतं. कॉलबॅक म्हणून कोटेशनमध्ये स्ट्रटूअपर लिहिलेलं असतं, आयएनआय (सेटिंगच्या) फाइलीत डिसेबल_फंक्शन्सची यादी असते. एका फंक्शनला दोन नावं झाली की सर्व्हरवाल्याने धोक्याचं म्हणून बंद केलेलं फंक्शन दुसऱ्या नावाने उघडं राहिलं की नाही हे कोण बघणार. टेस्टमध्ये तर अजून मजा, लोक स्वतःच्या नेमस्पेसमध्ये टाइम नावाचं फंक्शन लिहून घड्याळ थांबवतात, आधी स्वतःच्या नेमस्पेसमध्ये आणि नाही सापडलं तर ग्लोबलमध्ये बघायचा तो फॉलबॅक आहे म्हणून. मी एकदा वेगाच्या नादात (स्लॅश लावला की स्ट्रलेनसारखी काही फंक्शन्स कंपाइलच्या वेळीच पक्की होतात, थोडं जलद पडतं) सगळीकडे स्लॅश लावायचं ऑटोमॅटिक टूल फिरवलं आणि चाळीसेक टेस्ट पडल्या, सगळ्या तारखेच्या. घड्याळ परत चालू झालं होतं.

तुम्ही आता एकच करा, ती हेल्पर फाइल उघडा, वर एक नेमस्पेस लिहा, आणि वापर जिथे जिथे आहे तिथे यूज फंक्शन टाका. कंटाळवाणं आहे पण एका दिवसाचं काम. आणि तो इफ आधी काढा.

तिसरा_सेमीकोलन:

सगळ्यांचे आभार. इफ काढला, नेमस्पेस लावला, वापर एकशे बारा ठिकाणी निघाला. यादीतली रिकामी ओळही काढली, आणि वाचतानाच गाळायचा कोड टाकला. कॉमेंट परत यायला लागल्या.

ती फाइल आता पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत वाचली. त्यात अ‍ॅरे_फाइंड आहे आणि अ‍ॅरे_फर्स्ट पण आहे. अ‍ॅरे_फाइंडला आमच्याकडे आधी कॉलबॅक मग अ‍ॅरे द्यायचा. हे पण कोअरमध्ये येण्याची शक्यता आहे का?

आळशी_लूप:

अ‍ॅरे_फाइंड ८.४ मध्ये आलं. आधी अ‍ॅरे, मग कॉलबॅक.

जुनाट_खोड:

अ‍ॅरे_फर्स्ट ८.५ मध्ये. आणि ते फक्त अ‍ॅरे घेतं, कॉलबॅक घेत नाही. तुमचं घेतं का?

तिसरा_सेमीकोलन:

घेतं.